‘मी निरोगी आहे’ म्हणताना ती रडली

(योगशिक्षकांच्या प्रश्नांचं सदर. या वेळची बहुतेक पत्रं एकाच विषयाची निघाली: वर्गात सकारात्मक वाक्यं, म्हणजे हल्लीच्या भाषेत अफर्मेशन्स, म्हणवून घ्यावीत का आणि कशी. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.)

प्रश्न : मी तीन वर्षं योगवर्ग घेते. प्रशिक्षणात शिकवलं होतं तसं शवासनात मी काही वाक्यं म्हणते आणि सगळ्यांना ती मनात म्हणायला सांगते. ‘मी निरोगी आहे, मी समर्थ आहे, माझं शरीर मला पूर्ण साथ देतं’, अशी. गेल्या महिन्यात वर्ग सुटल्यावर एक जणी मागे थांबल्या. त्यांच्यावर मोठे उपचार चालू आहेत, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणाल्या, “बाई, तुम्ही ते वाक्य म्हणता तेव्हा मला रडू येतं. मी निरोगी नाहीये.” मी माफी मागितली, पण तेव्हापासून शवासनात माझं तोंडच उघडत नाही. हे सगळं सोडून द्यावं का?

उत्तर : सोडू नका. वाक्यं बदला.

त्या मागे थांबल्या आणि बोलल्या, हे तुमचं नशीब. बहुतेक जण बोलत नाहीत, यायचेच बंद होतात. आणि आपण समजतो, वेळ जमत नसेल बिचाऱ्यांना.

हे मी अनुभवाने सांगते. मला शिकवायला लागून सतरा वर्षं झाली होती, तेव्हा माझा डावा खांदा धरला. फ्रोझन शोल्डर. हात खांद्याच्या रेषेपर्यंतही जाईना, केस बांधता येईनात, आणि वर्गात ऊर्ध्वहस्तासन मी नुसतं तोंडाने शिकवत होते. बरोबरीच्या एका शिक्षिकेने अगदी जीव लावून सल्ला दिला: रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ‘माझा खांदा पूर्ण मोकळा आहे’ असं म्हण. म्हटलं. अकरा दिवस म्हटलं. वाक्य संपायच्या आत खांदा आतून म्हणायचा, “खोटं.” वाक्य मोठ्याने म्हटलं की तोही मोठ्याने म्हणायचा. बाराव्या दिवशी मी आरशावर टॉवेल टाकला.

पुढे फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिले. त्यातला एक होता भिंतीवरून बोटं चालवत हात वर न्यायचा. मी दाराच्या चौकटीवर तो करायचे आणि बोटं थांबतील तिथे पेन्सिलीने रेघ मारायचे. रेघ मारताना म्हणायचे, “आज हात इथवर येतो.” बस, एवढंच. कित्येक दिवस रेघा एकमेकींवरच बसत होत्या. एकदा तर रेघ बोटभर खाली आली. तरी ते वाक्य त्या दिवशीही खरंच होतं, आणि खांद्याने त्याला कधी उलट उत्तर दिलं नाही. हात पुरता वर जायला सव्वा वर्ष लागलं. वाक्याने खांदा सुटला असं मी कुणाला सांगत नाही. तो व्यायामाने आणि काळाने सुटला. पण रोज त्या चौकटीपाशी जाऊन उभी राहत होते, ते त्या वाक्यामुळे.

‘खोटं’ म्हणणारा हा आतला आवाज माझ्या एकटीच्या खांद्यात राहत नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना मनात येईल ते लिहायला बसवलं, आणि घंटा वाजली की ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं मनाशी म्हणायला सांगितलं. स्वतःबद्दल ज्यांचं मत आधीच चांगलं होतं, त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं मत खालावलेलं होतं, त्यांना मात्र हे वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षा वाईट वाटलं. म्हणजे ज्याला औषध हवं, त्यालाच ते बाधलं. त्याच अभ्यासात पुढे असंही दिसलं, की स्वतःबद्दल वाईट मत असलेल्यांना ‘हे वाक्य माझ्या बाबतीत कुठे खरं आहे आणि कुठे नाही’ अशा दोन्ही बाजूंनी विचार करू दिला, तेव्हा त्यांचा त्रास कमी होता. फक्त खरं कुठे आहे तेच बघ, अशी सक्ती केली की बिघडत होतं.

आपण शवासनात नेमकी हीच सक्ती करतो. माणूस डोळे मिटून, हातपाय सैल सोडून पडलेला आहे. उठून वाद घालायची त्याची तयारी नाही. आणि आपण त्याच्या तोंडात वाक्य घालतो.

वाक्य म्हणायच्या आधी मी आता स्वतःला एकच विचारते: हे त्याच्या शरीराला आत्ता, पडल्या पडल्या, पडताळून बघता येईल का? ‘मी निरोगी आहे’ हे पडताळायला रक्ततपासणी लागते. ‘पाठ जमिनीवर आहे’ हे पडताळायला काही लागत नाही. ‘टाचा जड आहेत.’ ‘श्वास आपला आपण येतोय.’ ‘आत्ता कुठे जायचं नाही.’ तुमच्या त्या बाईंच्या बाबतीतही यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे, उपचार चालू असताना आणि उपचारांच्या वाईट दिवशीसुद्धा. ऐकायला ही वाक्यं फार सकारात्मक वाटत नाहीत, हे मान्य. पण आठवडाभर वापरून बघा. माणसाला खूप वेळ कुणी फक्त खरं सांगितलं, की त्याचा जबडा सैल होतो. तुम्हाला चटईच्या कडेला उभं राहून तो दिसेल.

उभ्या आसनांतही तेच. वृक्षासनात ‘मी पर्वतासारखी अचल आहे’ म्हणायला लावणारे वर्ग मी पाहिले आहेत. इकडे घोटा थरथरतोय आणि तिकडे पर्वत! वास्तविक ती थरथर म्हणजे तोल सांभाळण्याचं काम चाललेलं असतं. घोट्याभोवतीचे आणि तळव्याचे स्नायू क्षणाक्षणाला बारीक दुरुस्त्या करत असतात. मी म्हणते, “पाय हलतोय, म्हणजे पाय काम करतोय.” वर्गात हसू उमटतं, आणि पाय खाली टेकवायला निघालेले दोघे-तिघे तरी आणखी चार श्वास टिकतात.

वाक्य सोडत्या श्वासावर ठेवा. श्वास घेताना नाडी किंचित वेगाने चालते आणि सोडताना मंदावते, म्हणून सोडतानाची जागा मुळातच निवांत असते. एका सोडत्या श्वासात मावेल एवढंच वाक्य हवं. माझं माप आठ-दहा अक्षरांचं आहे. त्याहून लांब झालं, की मी ते सांगण्यासाठी म्हणत नाही, स्वतःला ऐकू यावं म्हणून म्हणते, असं माझ्या लक्षात आलंय.

आणि पळवाट ठेवा. शवासन सुरू करतानाच सांगा: “मी अधूनमधून एखादं वाक्य म्हणेन. पटलं तर मनात म्हणा, नाहीतर आपला श्वास ऐकत राहा.” त्या बाईंसाठी वेगळं खास वाक्य घडवत बसू नका. त्यांना विचारा, शवासनात काय ऐकायला बरं वाटेल. ‘काही नको’ हेही उत्तर असू शकतं, ते आलं तर घ्या.

एक मात्र बोलते. त्यांच्यावर उपचार चालू आहेत हे तुम्हाला माहीत नव्हतं, ही वाक्यांपेक्षा मोठी चूक. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी आजार, शस्त्रक्रिया, चालू औषधं विचारून लिहून ठेवायची, आणि दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा विचारायचं.

प्रश्न : मी इंग्रजीतली अफर्मेशन्स मराठीत करून वापरतो. ‘मी पुरेसा आहे’, ‘मी प्रेमास पात्र आहे’, ‘मी स्वतःला जसा आहे तसा स्वीकारतो’. इंग्रजीत ऐकताना अंगावर काटा येतो, मराठीत म्हटलं की वर्गात कुणीतरी खुदकन हसतं. मराठीच कमी पडते का?

उत्तर : मराठी कमी पडत नाही, तुम्ही तिच्या अंगावर दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालताय. मराठीत कापड पुरेसं असतं, वेळ पुरेसा असतो. माणूस पुरेसा आहे म्हटलं, की आपण कशाला पुरणार आहोत असा प्रश्न पडतो. आणि ‘पात्र’ हे तर अर्जावरचा शिक्का मारल्यासारखं: अर्जदार प्रेमास पात्र आहे, पुढील कार्यवाहीसाठी सादर. हसणाऱ्याचा कान चांगला आहे, त्याला रागावू नका.

तुमच्या तिसऱ्या वाक्यात आणखी एक खड्डा आहे. ‘स्वीकारतो’ म्हणालात. वर्गात बायका किती? मराठीत ‘मी’च्या मागून येणारं क्रियापद बहुधा लिंग सांगून जातं: करतो, करते, गेलो, गेले. शिक्षकाने ‘मी सोडून देतो’ म्हटलं, की बाईने ते मनात ‘देते’ करून घ्यायचं. ज्या क्षणी डोकं शांत व्हायचं, त्याच क्षणी तिला व्याकरण करायला बसवायचं, हा कुठला न्याय? विशेषणांचंही तसंच. शांत, स्थिर, सावध, निवांत ही सगळ्यांना चालतात. मोकळा, हलका, बरा ही चालत नाहीत.

यातून सुटायचे रस्ते भाषेतच आहेत, आणि ते मूळ वाक्यांपेक्षा चांगले आहेत. एक, कर्ता शरीराला करा: ‘खांदे खाली येताहेत’, ‘कपाळ सैल आहे.’ दुसरा, ‘मी’च्या जागी ‘मला’ आणा: ‘मला जमतंय’, ‘मला वेळ आहे’, ‘मला एवढं पुरे.’ ते शेवटचं बघा. जे इंग्रजी वाक्य तुम्ही ‘मी पुरेसा आहे’ म्हणून आणलंत, त्याच्या जवळपासचं काहीतरी इथे आलं, आणि कुणी हसणार नाही. ‘जमतंय’ हा तर मराठीचा खास शब्द आहे. त्यात ‘जमलं’चा दावा नाही आणि ‘जमेल’चं आश्वासन नाही. अर्धवट झालेल्या पश्चिमोत्तानासनात, गुडघे वाकलेले, बोटं नडगीपाशी, तिथे ‘जमतंय’ अगदी बरोबर बसतं.

मी वाक्य वर्गात आणण्याआधी ते कुणाच्या तोंडी सहज येईल का, ते बघते. घरी कुणी थकून बसलंय आणि आपण त्याला हे वाक्य म्हणू का? ‘विश्वाची ऊर्जा माझ्यातून प्रवाहित होत आहे’ असं थकल्या माणसाला म्हणून बघा. तो वायरिंग तपासेल.

प्रश्न : मी नुकतीच शिकवायला लागले आहे. वर्गाआधी पोटात गोळा येतो. ‘मी उत्तम शिक्षिका आहे’ असं दहा वेळा म्हणते, पण गोळा वाढतोच. अशा शिक्षिकेने दुसऱ्यांना काय शिकवायचं?

उत्तर : गोळा असलेल्या शिक्षिकेनेच शिकवावं, तिला समोरच्याचा गोळा दिसतो.

माझ्या पहिल्या वर्गात मी सूर्यनमस्काराचा उजवा पाय मागे घेतला आणि डावा घ्यायला विसरले. अख्खा वर्ग एका पायावर अडकून माझ्याकडे बघत होता. उत्तम शिक्षिका वगैरे त्या दिवशी कुठून म्हणणार?

तुमच्या वाक्यात ‘मी’ आहे, तिथेच अडतं. मिशिगन विद्यापीठाचे ईथन क्रॉस आणि सहकारी यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना ऐनवेळी भाषण करायला लावलं. तयारी करताना ज्यांनी मनाशी ‘मी’ असं न म्हणता स्वतःला नावाने किंवा ‘तू’ म्हणून हाक मारली, त्यांची धास्ती कमी झाली आणि भाषणही बरं वठलं. हे वाचलं तेव्हा मला आपले रामदास आठवले. मनाच्या श्लोकांत मनाला हाक आहे, ‘मना’ म्हणून, आणि मग त्याला समजावणं. ‘मी सज्जन आहे’ असा जप तिथे नाही. जवळच्या पण जरा हट्टी माणसाशी बोलावं तसं मनाशी बोलायची मराठीची जुनी सवय आहे, ती आपण आरशासमोर जाऊन का मोडतोय?

तेव्हा दाराशी थांबा आणि स्वतःला नावाने हाक मारा. घरात ज्या नावाने हाक मारतात, त्या. पुढचं वाक्य गुणगान नको, काम हवं: ‘आधी सगळ्यांचे चेहरे बघ. मग खाली बस. मग श्वास.’ मी अजूनही हे करते. माझं वाक्य आहे, ‘घाई नको गं.’

प्रश्न : संकल्प आणि अफर्मेशन एकच ना? पतंजलींनीही प्रतिपक्षभावना सांगितली आहे, मग हे मुळात आपलंच आहे असं वर्गात सांगितलं तर चालेल? आणि वाक्य किती वेळा म्हणायचं?

उत्तर : एक नव्हेत, आणि असं सांगू नका.

योगसूत्रांत दुसऱ्या पादाचं ३३वं सूत्र आहे: वितर्कबाधने प्रतिपक्षभावनम्. ते यम-नियमांच्या, म्हणजे अहिंसा, सत्य अशा आचरणाच्या नियमांच्या, संदर्भात येतं. हिंसा, असत्य असे विचार उसळले, की उलट बाजूने विचार करायचा. तो कसा, हे ३४व्या सूत्रात आहे: या गोष्टी लोभ, क्रोध, मोहातून येतात आणि त्यांचं फळ अंत नसलेलं दुःख आणि अज्ञान आहे, हे डोळ्यांसमोर आणायचं. योगसूत्रांवरचं जुनं व्यासभाष्य तर सोडलेली गोष्ट पुन्हा धरणाऱ्याला, ओकलेलं चाटणाऱ्या कुत्र्याशी जोडतं. आता सांगा, हे शवासनात मंद संगीतावर म्हणाल का? पतंजलींची वाट स्वतःकडे कठोर डोळ्याने बघण्याची आहे. तिला गोडव्याचा मुलामा देऊन ‘आपलंच आहे’ म्हणण्यात ना त्यांचा मान, ना आपला.

आजच्या अफर्मेशनचं जवळचं नातं एका फ्रेंच औषधविक्रेत्याशी आहे. एमिल कुए (१८५७–१९२६). स्वयंसूचनेचं त्यांचं वाक्य जगभर गाजलं: रोज, सर्व बाबतींत, माझं अधिकाधिक बरं होत चाललं आहे. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना वीस वेळा म्हणायचं, आणि मोजायला गाठी मारलेली दोरी. ‘किती वेळा’चं उत्तर तुम्हाला इथे मिळेल. मला मात्र दोन वेगळ्याच गोष्टी भावतात. एक, वाक्यात ‘बरा आहे’ नाही, ‘होत चाललं आहे’ आहे. दुसरी, ते जोर लावून म्हणू नका, असं ते बजावत; इच्छाशक्ती आणि कल्पना यांची झुंज लागली की कल्पनाच जिंकते, असं त्यांचं म्हणणं. माझ्या खांद्याला हे आधी भेटायला हवे होते.

संकल्प निराळा. स्वामी सत्यानंद सरस्वतींनी मांडलेल्या योगनिद्रेत, म्हणजे पडून, सूचना ऐकत करायच्या जाग्या विश्रांतीत, तो सुरुवातीला आणि शेवटी, तीन-तीनदा म्हणतात. तो ज्याचा त्याने निवडायचा, छोटा ठेवायचा, आणि पुरा होईपर्यंत बदलायचा नाही. शिक्षकाने फक्त जागा करून द्यायची: “आता आपला संकल्प.” आणि गप्प. मी सुरुवातीला उदाहरणादाखल दोन संकल्प सांगायचे. महिनाभरात वर्गातल्या निम्म्या लोकांचा संकल्प माझाच निघाला. उदाहरणं बंद केली.

प्रश्न : माझ्या वर्गातल्या एका गृहस्थांनी ‘माझा रक्तदाब उत्तम आहे’ हे वाक्य रोज म्हणायला सुरुवात केली आणि गोळ्या बंद केल्या. फार उत्साहात आहेत. त्यांचा विश्वास मोडायचा का?

उत्तर : आजच फोन करा. हे उत्तर छापून येईपर्यंत थांबू नका; मी तुम्हाला पत्राने कळवलंच आहे. गोळ्या सुरू किंवा बंद करणं हे त्यांचं आणि त्यांच्या डॉक्टरांचं काम. डॉक्टरांशी बोलणं होऊन दाब मोजला जाईपर्यंत त्यांना शीर्षासन, सर्वांगासन आणि श्वास रोखायचे प्रकार देऊ नका. त्यांना वाक्य हवंच असेल तर हे द्या: ‘गोळी घेतली.’ पडताळायला सोपं आहे.

प्रश्न : मी शिक्षिका नाही, विद्यार्थिनी आहे. आमच्या बाई फार छान शिकवतात, पण शवासनाची दहाही मिनिटं बोलत असतात: प्रकाश, फूल, समुद्र, कृतज्ञता. मला नुसतं पडायचंय. त्यांना न दुखवता कसं सांगू?

उत्तर : वर्ग सुटल्यावर, एकट्यात, आणि आधी काय आवडतं ते सांगून: “बाई, तुमचं सगळं आवडतं. शेवटची पाच मिनिटं आम्हाला शांतता द्याल का?” चिठ्ठी लिहू नका, चिठ्ठी माणूस दहादा वाचतो आणि दरवेळी तिचा सूर बदलतो.

त्या दुखावतील थोड्या. मला हे माझ्या एका विद्यार्थिनीने सांगितलं, तेव्हा मी हसून ‘बरं झालं सांगितलंस’ म्हटलं आणि घरी जाईपर्यंत मनातल्या मनात तिला उत्तरं देत होते. दुसऱ्या दिवशी हट्टाने घड्याळ समोर ठेवून गप्प बसले. पहिल्या मिनिटाला काही वाटलं नाही. दुसऱ्याला वाटलं, यांना झोप लागली असेल, काहीतरी म्हणायला हवं. तिसऱ्याला मी खोकले.